शालू घरमालकीण

मुलांनो, दर रविवारी बरोबर अकरा वाजता आपल्या वर्ध्याच्या घराच्या पायऱ्यांपाशी शालू खुर्ची टाकून बसते आणि फाटकातून येणाऱ्या मुलीवर ओरडते, "खोली नाई भेटत! काऊन आली?" घर माझं, खोली रिकामी नाही, आणि शालू घरमालकीण तर मुळीच नाही!

ती शेजारचं मुलींचं घर सांभाळते. बालगृहात वाढलेल्या मुलींना अठरा वर्षं पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं. मग त्या या घरात राहतात, कामाला लागतात आणि एकविसाव्या वर्षी स्वतःची खोली शोधतात. तिथेच गाडी अडते. "आईवडील कुठे असतात?" असं विचारलं की धीट मुलीही रडतात, नाहीतर खोटं बोलतात. म्हणून ही तालीम. "रडली तं खोली गेली, खोटं बोलली तं इज्जत गेली," हे शालूचं ब्रीद.

तालमीत ती चष्मा नाकावर उतरवते, चहा मागवते आणि साखर कमी पडली म्हणून भाडं वाढवते. एकदा माझं पाकीट घेऊन कुरिअरवाला आला. "नाव नोको सांगू, पगार सांग!" ती कडाडली. त्याने घाबरून सांगितला!

संगीताची वेळ आली तेव्हा मात्र शालूच्या तोंडचं पाणी पळालं. संगीताला हिंगणघाटच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. महिनाअखेर घर सोडायचं होतं आणि दोन मालकांनी नकार दिला होता. तिसरी खोली पाहायला आम्ही तिघी एसटीने निघालो. शालू रस्ताभर प्रश्न विचारत होती. पुढच्या बाकावरचे एक काका संगीताच्या आधी उत्तरं देऊ लागले.

खरी घरमालकीण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मायबाप कुठं असतेत?"

"नाई जी. बालगृहात वाढली मी. आता नोकरी हाये, कागदं हायेत." संगीताची मान ताठ! शालूने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"बरं. पाणी एक दिवसाआड येते. आन् तू बिमार पडली तं फोन कोणाले लावू?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. संगीताने वळून शालूकडे पाहिलं. शालू उडी मारून पुढे झाली. "मले! लिहा नंबर!"

"तुम्ही इच्या कोण?"

"मी..." शालू अडखळली. "फोन आला की येणारी."

"मंग झालं," म्हणत बाई किल्ली आणायला उठली.

परतीच्या एसटीत शालूने "खोली भेटली!" हे कंडक्टरला दोनदा सांगितलं. निम्मा रस्ता सरला आणि ती माझ्याकडे वळली.

"काकू, मी दवाखान्यात साखर तपासाले जातो ना, तिथं फॉर्मावर 'घरचं कोण' असं असते. चार वर्सं झाले, तुमचं नाव लिहून राह्यली. विचारलं नाई तुमाले."

"नंबर तरी बरोबर लिहितेस का?" मी विचारलं.

खिडकीबाहेर पाहत तिने तो पाठ म्हणून दाखवला. शेवटून दुसरा आकडा चुकला होता. वर्धा येईपर्यंत मी तो तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला.