घाणेरीतली देवी
माळावरची घाणेरी उपटायला निघालेल्या माणसांत सगळ्यात पुढं कोयता घेऊन कोंडिबा होते, आणि त्यातलं एक झुडूप वाचवायचं कसं या काळजीनं घाम फुटला होता तोही त्यांनाच.

घाणेरीनं हिर्डोशीचा माळ गिळला होता. गुरांना गवताची काडी मिळेना. चारा नाही म्हणून कोंडिबांच्या बायकोनं, फुलाबाईनं, आपली गाय रडत रडत विकली आणि वर्षभरात ती स्वतःही गेली. त्यामुळे भोरच्या संस्थेतली स्नेहल गावात येऊन म्हणाली, की दर रविवारी घरटी एक माणूस द्या, आपण गवत परत आणू, तेव्हा पहिला हात कोंडिबांचा वर गेला. पण माळाच्या वरच्या अंगाला एक घाणेरी होती. तिच्या सावलीतल्या दगडावर बसून फुलाबाई गुरं राखायची. ती गेल्यापासून कोंडिबा रोज त्या दगडाशेजारी बसत आणि घरी काय काय झालं ते सांगून येत. उतरताना जरा बरं वाटे.

हे स्नेहलला सांगायचं तर लाज आडवी आली. सत्तरीचा माणूस झुडपाशी बोलत बसतो हे कळलं असतं, तर गावानं पारावर वर्षभर हसून घेतलं असतं. म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी फुलाबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी झुडपाला बांधून टाकली. चिंधी दिसली की कुणी हात लावणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

हिशेब जरा जास्तच बरोबर निघाला. चिंधी आधी दिसली शेजारच्या ज्ञानूला. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि इथल्या देवीबद्दल आपला आजा नेहमी सांगायचा, असं जाहीर केलं. पुढच्या रविवारी दगडाला शेंदूर लागला. त्याच्या पुढच्या रविवारी बायका नारळ घेऊन आल्या. गुरांवरून जन्मभर फुलाबाईशी भांडलेला ज्ञानू तिच्याच चिंधीपुढं लोटांगण घालताना बघून कोंडिबांना हसू आलं, आणि हे सांगायला आता ती नाही म्हणून लगेच रडूही आलं. तिथं बसायची तर सोयच उरली नाही. देवीला पाठ होते म्हणून ज्ञानू उठवायचा.

इथवर त्यांनी सोसलं. पण देवीच्या रानात कोयता चालवायचा नाही, हा रिवाज सगळ्यांना ठाऊक. ज्ञानूनं देवीची हद्द ठरवली ती वरचं सगळं अंग धरून. तिथली घाणेरी राहिली तर पाखरं तिचं बी खाली आणतील आणि माळ पुन्हा होता तसा होईल, असं स्नेहल परोपरीनं सांगत होती. कुणी ऐकेना. शेवटी काम सोडून परत जायला तिनं कुदळी टेम्पोत भरायला घेतल्या.

कोंडिबांना गाय विकून दाव्याकडं बघत बसलेली फुलाबाई आठवली. ते उठले आणि त्यांनी सरळ चिंधीच्या झुडपावर कोयता घातला. ज्ञानूनं धावत येऊन त्यांचा हात धरला.

"कोंडिबा, देवीचा कोप व्हईल."

"देवी न्हाई ती. माज्या फुलीच्या लुगड्याची चिंधी हाय, म्याच बांधली. हितं बसायची ती. म्या रोज येतो तिच्याशी बोलाया."

कुणी हसलं नाही. आपल्या कपाळावरचा शेंदूर पुसावा की राहू द्यावा हे ज्ञानूला कळेना. मग त्यानं टेम्पोतली कुदळ उचलली आणि तो मुळं खणायला लागला. दोघांनी मिळून झुडूप मुळासकट काढलं.

स्नेहल जवळ आली.

"आजोबा, आधी सांगितलं असतं तर हे एवढं एक ठेवलं असतं आम्ही. दरवर्षी फुलं खुडली असती, म्हणजे बी पडलं नसतं."

कोंडिबांनी उकरलेली माती पायानं सारखी केली.

"पोरी, तिच्यावाचून करमत न्हाई ह्ये ती व्हती तवा तिलाबी कदी सांगितलं न्हाई म्या," ते म्हणाले. "तुला कसं सांगनार व्हतो?"