मध्यंतराची संत्री

रामटेके काका संत्र्याचा वास डोळे मिटून घेतात. एक संत्रं, मग दुसरं, मग तिसरं. दर मंगळवारी संध्याकाळी लंडनमधल्या हॅरोच्या सुपरमार्केटमध्ये त्यांच्यामागे ट्रॉल्यांची रांग लागते. इंग्रज माणूस कितीही घाईत असला तरी डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला "एक्स्क्यूज मी" म्हणायला कचरतो. त्याला वाटतं, प्रार्थना चालली असावी. डोळे उघडले की काका निकाल देतात, "हे संत्रं नाही बाबू. संत्र्याचा फोटो हाय." आणि तरीही तेरा घेतात. कधी बारा नाही, चौदा नाही.

काका मूळचे नागपूरकडचे. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात लॅब टेक्निशियन. मी तिथे पीएच.डी.ला आलो तेव्हा त्यांची नोकरी पंचविशी ओलांडून गेली होती. मी दारव्ह्याच्या नगरपरिषद शाळेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ह्या कॉलेजने मला शिष्यवृत्ती दिली, राहायला खोली दिली, आणि एका प्राध्यापकाने पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोटसुद्धा दिला. त्यामुळे कॉलेजविरुद्ध बोलताना आजही माझी जीभ अडखळते. पण जे झालं ते झालं, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

काकांच्या तोंडी एकच शब्द, 'प्रोसिजर'. गॉगल न लावता लॅबमध्ये शिरलेल्या एका बड्या पाहुण्या प्रोफेसरांना त्यांनी हाताला धरून बाहेर नेलं होतं. बाटलीवरचं लेबल तिरकं चिकटवलं म्हणून माझ्याकडून चार वेळा काढून घेतलं. पाचव्यांदा मी म्हणालो, आतलं आम्ल सरळ लेबलमुळे बदलतं का? ते म्हणाले, "आम्ल नाही बदलत. माणूस बदलते." चौदा एप्रिलला ते निळा टाय आणि सूट घालून येत आणि बारा वाजता कार्यक्रमाला निघून जात. त्या दिवशीसुद्धा निघण्याआधी सगळ्या गॅसच्या तोट्या तपासत. प्रोसिजर.

ह्या देशातल्या कॉलेजांमध्ये बुधवारी दुपारी तास ठेवत नाहीत. ती वेळ खेळांची. काका दर बुधवारी अर्धी रजा टाकत, घरून संत्र्यांच्या चार-चार फोडी करून आणलेला मोठा पांढरा डबा घेत आणि फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहत. मध्यंतर झालं की डबा उघडायचा. बावीस खेळाडू, एक रेफरी, दोन लाइन्समन. प्रत्येकाला दोन फोडी. उरलेल्या दोन त्या दिवशी सगळ्यात वाईट खेळलेल्या मुलाला. कोण वाईट खेळलं हे काका स्वतः ठरवत आणि त्याबाबत अपील नसे.

संत्रं सालीसकट सुरीने कापायचं, हे नागपूरच्या माणसाला सुरुवातीला फार जड गेलं होतं म्हणे. पण इथली रीत तीच. पोरं चिखलाच्या हातांनी फोड उचलतात, अख्खी तोंडात घालतात, रस ओढतात आणि साल दातांवर तशीच ठेवून एकमेकांकडे बघून केशरी हसतात. मोठे वकील, डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. काका त्यांच्यावर खेकसत, "साल डब्यात टाक, गवतावर नाही." हे मराठीत. आणि पोरं ती डब्यात टाकत.

वर्षातली मोठी मॅच शेजारच्या कॉलेजशी. माझ्या पहिल्या वर्षी ती मी पाहिली तेव्हा मैदानाभोवती एक दोरी होती आणि दोरीला टेकून सगळं कॉलेज. झाडूवाल्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत. आमची पोरं कॉलेजचं जुनं गाणं बेसूर म्हणत होती, त्यांची पोरं त्यांचं. नंतर लाकडी पॅव्हिलियनमध्ये दोन्ही टीम एकाच टेबलावर चहा आणि सँडविच खायला बसल्या. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण ह्या कॉलेजचे आहोत.

तिसऱ्या वर्षी ह्या मॅचला प्रायोजक मिळाला. एक पेय विकणारी कंपनी. पेयाचा रंग असा हिरवा की बाटली अंधारात सापडावी. काकांनी ती उजेडासमोर धरून पाहिली आणि म्हणाले, "हा रंग मी निकेलच्या सॉल्टमध्ये पाहिला हाय. त्या बाटलीवर कवटी असते."

मॅचच्या दिवशी आम्ही दोघं पोचलो तर दोरी गेलेली. तिच्या जागी कंबरेइतक्या उंच जाहिरातींच्या फळ्या. प्रवेशाला मनगटावर हिरवी पट्टी. पॅव्हिलियनमध्ये कंपनीचे पाहुणे, म्हणून टीमचा चहा रद्द. पोरं गाणं म्हणायला लागली की लाउडस्पीकर त्यांच्यावर दुसरं गाणं ओतायचा. कॅमेरा तयार नव्हता म्हणून खेळ वीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि बावीस पोरं मार्चच्या गारठ्यात उघड्या मांड्यांनी उड्या मारत राहिली. ज्यांच्यासाठी मॅच, ते फळ्यांच्या मागे. ज्यांना स्कोअर काय हेही माहीत नाही, ते खुर्च्यांवर. मला गावची जत्रा माहीत आहे, जत्रेतला बाजारही माहीत आहे. पण बाजारासाठी देवळाचा दरवाजा बंद केलेला मी पाहिला नव्हता.

मध्यंतर झालं. काका डबा घेऊन फळ्यांमधल्या फटीकडे गेले. हिरव्या टी-शर्टातल्या मुलाने अडवलं. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही, म्हणाला. काकांनी त्याला सांगितलं की आपण हे पंचवीसहून जास्त वर्षं करतोय, हात धुऊन करतोय, सुरी उकळून करतोय, आणि प्रोसिजर हवी असेल तर लिहून देतो. मुलगा गोंधळला आणि त्याने कॉलेजच्या मार्केटिंग ऑफिसातल्या फिलिपाला बोलावलं. बाई वाईट नव्हती. तिने काकांचा हातही हातात घेतला. म्हणाली, कल्पना फार गोड आहे, पण करारानुसार खेळाडूंनी फक्त कंपनीचं सीलबंद पेय घ्यायचं आहे. "आणि खरं सांगू का, आजकाल कुणाच्याही हातचं असं सुटं खाणं आम्ही त्यांना घेऊ देऊ शकत नाही."

मी वाट पाहत होतो की आता काका तिला गॉगल न लावलेल्या प्रोफेसरासारखं बाहेर काढतील. काकांनी डब्याचं झाकण लावलं. चारी कोपरे दाबले. आणि वळून चालायला लागले.

मी पेटलो. त्यांच्यामागून चालत बोलत सुटलो. कॉलेज विकलं, गाणं विकलं, दोरीसुद्धा विकली, पोरांची तहान विकली. लॅबच्या मागच्या बाकावर ते बसले तरी माझं चालूच. आत्ताच्या आत्ता प्रिन्सिपॉलना पत्र लिहितो, म्हणालो, आणि तिथेच मांडीवर चार पानं लिहिली. काकांनी ती वाचली. त्यात पाच ठिकाणी मी कॉलेजचे आभार मानले होते. ते म्हणाले, "तक्रार कोणत्या पानावर हाय?"

मी म्हणालो, काका, तुम्ही एक शब्द का नाही बोललात तिला?

काकांनी चारी पानं माझ्या मांडीवर परत ठेवली. मग सांगायला लागले. शाळेत ते फुटबॉल खेळायचे, लेफ्ट विंगला. तालुक्याच्या मॅचला गेले होते. मध्यंतरात पाण्याचा माठ मास्तरांजवळ. दहा जणांना पेल्यातून पाणी, ह्यांना ओंजळीत, वरून. त्याची सवय होती. पण त्या दिवशी ह्यांनी गोल केला होता. गोलच्या आनंदात त्यांना भान राहिलं नाही. माठातून पेला भरला आणि कॅप्टनपुढे धरला. कॅप्टन ह्यांचा दोस्त.

"शिवी नाही दिली त्याने. हसून म्हणाला, राहू दे, मले तहान नाही. मग मी दुसऱ्याले दिला, तिसऱ्याले दिला. नागपूरचा एप्रिल होता बाबू, आणि दहाच्या दहा पोरांले तहान नव्हती."

इथे नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी संत्री वाटणारी म्हातारी बाई आजारी पडली आणि कुणीतरी ताट ह्यांच्या हातात कोंबलं. काका ताट धरून उभे राहिले, पोरं आता काय करतात ते बघत. पोरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. धावत आली आणि ताट रिकामं केलं. दुसऱ्या आठवड्यात ती बाई बरी होऊन आली तेव्हा काकांनी तिच्याकडून हे काम मागून घेतलं.

"ती फिलिपा चांगली बाई हाय," ते म्हणाले. "तिले काय माहीत. पण हातचं म्हटलं ना तिने."

आमच्या शाळेतही एक माठ होता. त्यातलं पाणी कोण काढायचं आणि कोण काढायचं नाही, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. चार पानं माझ्या मांडीवर होती आणि त्यांत ह्याबद्दल एक ओळ नव्हती.

पत्र मी तरीही पाठवलं, आभार खोडून. आठवड्याभरात उत्तर आलं. आमच्या भावनांची कदर आहे आणि सोबत भेट म्हणून हिरव्या पेयाच्या बारा बाटल्या. काकांनी त्यांवर सरळ लेबलं लावली, 'पिण्यास अयोग्य', आणि कपाटात खालच्या फळीवर ठेवल्या. पहिल्या टीमच्या सगळ्या मॅचेस आता कंपनीच्या होत्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी अर्धी रजा टाकली. मीही गेलो. कॉलेजच्या तिसऱ्या टीमची मॅच होती, अगदी टोकाच्या मैदानावर, मेट्रोपॉलिटन लाइनच्या रुळांलगत. गोलला जाळी नव्हती. प्रेक्षक आम्ही दोघं. तिरका पाऊस. ह्या मैदानावर जाहिरात लावायला कोणी फुकटही आलं नसतं. अर्धा वेळ संपला तेव्हा आपली टीम पाच गोलनी मागे होती आणि कोण कुठल्या टीमचं हे चिखलामुळे कळत नव्हतं.

थंडीने काकांची बोटं आखडली होती. झाकण निघेना. मी म्हणालो, द्या काका, मी वाटतो.

"तू झाकण काढ," ते म्हणाले. "देतो मीच."

मी झाकण काढलं. ह्या पोरांना संत्र्यांची सवय नव्हती, ती लांबच घुटमळत राहिली. काका डबा दोन्ही हातांवर धरून उभे होते. त्यांची नजर पोरांवर नव्हती, डब्यावर होती. मग समोरच्या टीमचा गोलकीपर, एक अवाढव्य लालबुंद पोरगा, ग्लोव्ह दातांनी ओढून काढत आला. हा काय प्रकार आहे, तुम्ही कोण, काही विचारलं नाही. चिखलाचा पंजा डब्यात घातला, चार फोडी उचलल्या आणि ओरडून बाकीच्यांना बोलावलं.

दोन-दोनचा हिशेब मोडला होता. काकांनी डबा आणखी पुढे केला.