पुढच्या फळीचा अथांग भरणा

कुठलीही संस्था माणसांवर उभी असते आणि माणूस हा केव्हाही पडू शकतो. म्हणून शहाणी संस्था प्रत्येक माणसामागे दुसरा माणूस उभा करून ठेवते. दुसऱ्यामागे तिसरा ठेवते ती दूरदृष्टीची संस्था. आणि तिसऱ्यामागे चौथा, पाचवा व 'विचाराधीन' असे ओळीने ठेवते, ती पोर्ट हॅरिगन स्टोकर्स.

सरोवराकाठच्या पोर्ट हॅरिगनमध्ये या अमेरिकन फुटबॉलच्या संघाबद्दल प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं. फक्त पुढच्या फळीत कोण खेळतं हे कुणाला ठाऊक नसतं. यात गावाचा काही दोष नाही, कामच तसं आहे. दीडशे-दीडशे किलोचे पाच गडी एका रांगेत वाकून उभे राहतात, मधला सेंटर स्वतःच्या पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला देतो, आणि समोरून अंगावर येणाऱ्यांना हे पाच जण तीन-चार सेकंद थोपवून धरतात. तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि त्याचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीत दिसू लागतात. फळीतल्या माणसाचा उल्लेख एकाच प्रसंगी होतो. त्याने समोरच्याला हाताने धरून ठेवलं, तर पंच ध्वनिक्षेपकावरून पुकारतो, "धरपकड, नंबर चौसष्ट, दहा यार्ड मागे." (नाव पुकारत नाहीत. अपराध्याचीही अब्रू राखण्याची ही पद्धत असावी.)

हा चौसष्ट नंबर म्हणजे सेंटर स्टॅन वोयचिक. वय तेहतीस, संघात दहा वर्षं, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. उरलेल्या चौघांचीही नावं एकदाच सांगून ठेवतो. डावीकडच्या टोकाला डेमेट्रियस प्रुइट, त्याच्या शेजारी डावा गार्ड फेतु लेआवा, मध्ये स्टॅन, मग उजवा गार्ड नॉर्बर्ट गिलिस आणि उजव्या टोकाला गस ओल्स्टाड. हे पाच जण सहा वर्षं दर गुरुवारी दुपारी लुकासच्या खानावळीत एकाच गोल टेबलावर जेवत. गिलिस घरून काकडीच्या लोणच्याची बरणी आणायचा, ती मध्ये ठेवली जायची. बोलणं फारसं होत नसे. सहा वर्षं खांद्याला खांदा लावून मार खाल्ल्यावर बोलायला राहतं काय?

स्टॅनची आई टिली वोयचिक गावातच राहते. वय एकोणऐंशी, डोळे अधू झालेले. रविवारी ती स्वयंपाकघरात रेडिओ लावते, पिरोगी (पोलंडकडच्या उकडलेल्या करंज्या) लाटते आणि कान देऊन ऐकते. खेळातलं तिला एवढंच कळतं की चौसष्ट हा आकडा कानावर पडता कामा नये. सामना संपला की फोन यायचाच. "आज दोनदा तुझा नंबर पुकारला, काय रे? बरं नाही का तुला?" किंवा मग, "आज एकदाही नाही पुकारला. शाब्बास रे माझ्या बाळा!" स्टॅनला आयुष्यात मिळालेलं कौतुक एवढंच. पण ते ऐकून त्याचा आठवडा निघायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या हंगामात स्टोकर्सनी सतरापैकी चौदा सामने गमावले आणि क्वार्टरबॅक ट्रिप कॅलोवे अठ्ठावन्न वेळा आडवा झाला. त्यावर चौकशी समिती बसली. चेंडू हातात आल्यावर कॅलोवे सात-सात सेकंद तसाच उभा राहतो, असं चित्रफितीत दिसत होतं. परंतु कॅलोवेचे चौदा हजार टी-शर्ट आधीच छापून झालेले असल्याने समितीने चित्रफीत बाजूला ठेवली आणि सर्वानुमते निष्कर्ष काढला की, सदर फळीतील पाचही इसमांना आपापली जागा आपलीच वाटू लागली असून हे संघाच्या प्रकृतीस घातक आहे. उपाय दोन: स्पर्धा आणि भरणा, म्हणजे प्रत्येकामागे राखीव माणसांची रांग.

मुख्य प्रशिक्षक लायल ट्रेंबली यांनी जुलैत पहिल्याच बैठकीत हे समजावून दिलं. "पोरांनो, या संघात कुणाचीच जागा पक्की नाही. ही चांगली बातमी आहे."

"कुणासाठी, कोच?" प्रुइटने विचारलं.

"सगळ्यांसाठी," ट्रेंबली म्हणाले. पहिल्या दिवशी प्रुइट पहिल्या क्रमांकावर होता, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या.

पाच जागांसाठी, जुने पाच धरून, तेवीस माणसं जमवली गेली. भोजनगृहाच्या दाराशी पांढरा फळा लावला गेला आणि त्यावर प्रत्येकाच्या नावाचं लोहचुंबक. रोज सकाळी ट्रेंबली स्वतःच्या हाताने चुंबकं वरखाली करत. चुंबकं होती वीस, तेव्हा उरलेल्या तिघांसाठी भोजनगृहाच्या फ्रिजवरची काढली. एक अननस, एक दीपगृह आणि एक तांबडा शेवंडा, म्हणजे नांग्यांचा मोठा झिंगा. दहा वर्षं संघात असलेल्याला वेगळेपण हवं, या सद्हेतूने शेवंडा स्टॅनला देण्यात आला.

स्पर्धेचे परिणाम ताबडतोब दिसले. पहिल्या पंधरवड्यात सुधारणा सदतीस टक्के झाली (कशात, हे नंतर जाहीर होणार होतं). स्वयंपाकघरातही दोन आचारी नेमले गेले आणि दोघं एकच ऑम्लेट उलटू लागले. मुख्य प्रशिक्षकाच्या पदालाही थोडा भरणा असावा, अशी सूचना एका सहायकाने केली. तो हल्ली दुसऱ्या राज्यात घरांना रंग देतो.

या योजनेतलं सर्वांत सुंदर कलम म्हणजे 'मार्गदर्शन'. त्यान्वये प्रत्येकाने, आपली जागा घेण्यासाठी आणलेल्या माणसाला, आपली जागा कशी घ्यावी हे शिकवायचं आणि दर शुक्रवारी तसा तक्ता भरून द्यायचा. स्टॅनच्या वाट्याला एल्डन बिग्ज आला. आयोवाचा, चोवीस वर्षांचा, घरी बायको आणि तान्ही जुळी. पठ्ठ्या तक्रार करण्याइतकाही वाईट नव्हता. मोठा आज्ञाधारक, उठसूट 'मिस्टर वोयचिक' म्हणायचा. याच गोष्टीचा स्टॅनला मनस्वी संताप यायचा, कारण द्वेष करायला जागाच मिळत नव्हती.

"अरे, मिस्टर काय म्हणतोस सारखा? मी काय तुझा हेडमास्तर आहे?"

"सॉरी, मिस्टर वोयचिक."

फळीतल्या माणसांचा एक रिवाज आहे, तो कुठल्या परिपत्रकात नाही. शेजारच्याने विचारलं तर युक्ती लपवायची नाही. मग तो शेजारचा तुमच्याच जागेवर बसायला का आलेला असेना. स्टॅनने पाय कुठे रोवायचा ते शिकवलं, मान कशी वाचवायची ते शिकवलं, पंचाची नजर नसताना कुठे आणि किती धरायचं तेही शिकवलं. एकच गोष्ट शिल्लक ठेवली होती. बिग्जने अजून विचारली नव्हती, आणि न विचारलेलं सांगावं असा रिवाज नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी लुकासच्या टेबलावर बिग्ज पहिल्यांदा आला. पाचवी खुर्ची मोकळीच होती, तिच्यावर तो बसला. प्रुइटने त्याच्याकडे चिकनची परात सरकवली, फेतुने नाव विचारलं, ओल्स्टाडने विचारलं नाही. जेवण नेहमीसारखंच झालं. काकडीचं लोणचं तेवढं नव्हतं, त्याची चुटपुट सगळ्यांनाच लागली.

जेवण झाल्यावर बाहेर गाडीपाशी बिग्जने ते विचारलंच.

"मिस्टर वोयचिक, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना. तू काय ऐकणार आहेस?"

"दुसऱ्यांच्या मैदानावर एवढा गोंगाट असतो की क्वार्टरबॅकचं काहीच ऐकू येत नाही. तो तयार झाला की फेतु तुमच्या मांडीवर थाप मारतो, तुम्ही डोकं वर करता. तिथवर कळलं मला. पण त्यानंतर चेंडू नेमका कधी सोडता? मी मोजून पाहिलं हो. कधी एक सेकंद, कधी दोन. काही नेमच नाही."

दहा वर्षांत हे कुणाला मोजता आलं नव्हतं. चित्रफिती बघणाऱ्या बारा-बारा जणांच्या पथकांना आलं नव्हतं. शेवंडा त्या दिवशी फळ्यावर दुसऱ्या ओळीत होता, आणि याचं उत्तर स्टॅनने पोटात ठेवलं असतं तर तो तिथेच राहिला असता. 'सवयीने येतं रे,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने तसं म्हणायला तोंड उघडलंही.

"माझ्याकडे बघून काय मोजतोस, गाढवा?" तो म्हणाला. "समोर उभा असतो त्याच्याकडे बघ. तो श्वास सोडतो ना, त्या क्षणी माणूस ढिला पडतो. तेव्हा द्यायचा."

बिग्जने विचारलं, "बस? एवढंच?"

"एवढंच. एवढं शिकायला मला चार वर्षं आणि एक गुडघा लागला."

"थँक यू, मिस्टर वोयचिक. खरंच. बायकोला सांगतो मी तुमच्याबद्दल."

"सांग, सांग," स्टॅन म्हणाला आणि गाडीत बसून बराच वेळ किल्ली शोधत राहिला. किल्ली हातातच होती. शुक्रवारच्या तक्त्यात 'शिकवायचे शिल्लक' या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी मोठी कपात असते; एकदोघे त्याआधीच गळलेले असतात. त्या सुमारास क्लिफ नावाच्या एका अतिशय सज्जन गृहस्थाला कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही. क्लिफ कधीही कुणाला 'तुला काढलं' असं म्हणत नाही. तो फक्त येऊन म्हणतो, "कोचनी बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." वही न मागता बोलावलं तर माणूस वाचला. त्या सकाळी क्लिफ जिन्यावर दिसला तेव्हा तीन धिप्पाड माणसं एकाच संडासात शिरली. स्टॅन कपड्यांच्या खणापाशी बसून होता.

"स्टॅन, कोचनी बोलावलंय."

"बरं."

क्लिफने टोपी काढून हातात धरली. "वही... वही घेऊन ये बाबा."

ट्रेंबलींनी उठून दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. "तुझा तक्ता वाचला मी. गेल्या वीस वर्षांत असं मार्गदर्शन पाहिलं नाही! त्या पोराला तू एवढं तयार केलंस, की आता तुझी गरजच उरली नाही. याचं श्रेय तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही."

"मग मी गेलो म्हणायचं, कोच."

"गेलास कुठे? असं बोलायचं नाही!" ट्रेंबलींना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "तू आमच्या भरण्यात आहेस. उद्या कुणी जखमी झाला तर? फोन चालू ठेव." आणि त्यांनी भिंतीवरचा नवा आकडा दाखवला. पुढच्या फळीचा भरणा: चारशे अकरा (घरी बसलेले धरून). देशातल्या कुठल्याही संघाचा भरणा एवढा खोल नव्हता. शिवाय या पद्धतीत माणूस काढला की भरणा वाढतो, कमी होत नाही, हा तिचा मोठाच गुण म्हणावा लागेल.

दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात कपातीची यादी आली. आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. टिली वोयचिकला मथळेसुद्धा वाचता येत नाहीत. स्टॅन तिला सांगायला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा पोटभर पिरोगी खाऊन परत आला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी हंगाम सुरू झाला. बिग्ज छान खेळला. समोरचा श्वास सोडेल तेव्हा बरोबर चेंडू देत होता. कॅलोवे तो हातात धरून सात-सात सेकंद उभा राहत होता आणि सात वेळा आडवा झाला. स्टोकर्स हरले. फळीत अजून पुरेशी स्पर्धा नाही असं समितीने त्याच संध्याकाळी एकमताने ठरवलं.

स्टॅनने सामना टीव्हीवर पाहिला, आवाज बंद करून. संपल्यावर फोन वाजला. कोच असतील म्हणून त्याने झडप घालून उचलला.

"ऐकलं का रे," आई म्हणाली, "पूर्ण सामनाभर कान लावून होते. एकदाही नाही पुकारला तुझा नंबर! एकदासुद्धा नाही! मेले बाकीचे हरले ते हरले, पण तू... दहा वर्षांत इतका सुंदर खेळला नव्हतास बघ."

स्टॅनला हुंदका आला, तो त्याने फोन लांब धरून दिला. मग म्हणाला, "हो आई. आज जमलं खरं."

"गुडघा कसा आहे?"

"अजिबात दुखत नाहीये, आई."

"बघ! पुढच्या रविवारी पण असाच खेळ."

त्यानंतरच्या तीन रविवारीही तो तसाच निर्दोष खेळला.

म्हातारीला हसू नका. तिचे डोळे गेलेत, तुमचे शाबूत आहेत. तुम्हाला पाचही जणांची नावं सुरुवातीलाच सांगितली होती, कोण कुठे उभा राहतो, कोण घरून काय आणतो हेही सांगितलं होतं. मग त्या गुरुवारी बिग्ज ज्या मोकळ्या खुर्चीवर बसला, ती कुणाची, असं तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं? काकडी नव्हती, याची चुटपुट मात्र तुम्हालाही लागली असेल.

नॉर्बर्ट गिलिस. उजवा गार्ड. सहा वर्षं. फोन चालू ठेवून बसलाय.