मांडीच्या आतली शिवण

मास्तर उभ्या माणसाचं माप घेत नाही. कोणीही असो. गिऱ्हाईक दारात आलं की टेप गळ्यातच ठेवून म्हणतो, "बसा." लोक खुर्चीवर बसतात. "तसं नाय, असं," म्हणत मास्तर त्यांना कापडाच्या गठ्ठ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवतो, मग टेप काढतो. उभ्याने का घेत नाही, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं. "उभं झाडपण असतं. माणूस बसला की कळतो."

माझी बायको सुलभा पाच महिन्यांपूर्वी गेली. माणसं घरी येऊन तेच तेच बोलत होती. मास्तर आला, माझ्या शेजारी सतरंजीवर बसला आणि पंधरा मिनिटं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, चला, एकाला तरी गप्प बसायचं कळतं. मग हळूच म्हणाला, "मांडी घातलीस की डाव्या गुडघ्याला ताण येतो तुझ्या. कोणी शिवली ही पॅन्ट?" सुलभाने ती बाजारातून तयार आणली होती, तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "वहिनींची चूक नाय. शिवणाऱ्याची चूक."

त्या दिवशी मला आलेलं तेवढं एकच हसू. तेही मी गिळलं, लोक बसले होते म्हणून.

नाव काशिनाथ, पण मास्तर म्हटल्याशिवाय वळून बघत नाही. खरवईला आमच्या बिल्डिंगीत समोरच्या खोलीत राहतो. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर, जन्म गेला त्यातच. घरी येणाऱ्यांचं पण शिवून देतो. लग्न झालं होतं. बायको वर्षभरात माहेरी गेली ती परत आली नाही. का ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, अंबरनाथच्या कंपनीत पोती उचलून रिटायर झालो. कपड्यातलं मला एवढंच कळायचं की घातलं की अंग झाकतं.

मास्तरच्या डोक्यात घोडा कसा शिरला ते सांगतो. आमच्या पुढे, गावाबाहेर एका बाईने तबेला काढलाय. ऑफिसातले लोक सुट्टीला गाड्या घेऊन तिथे घोडा शिकायला येतात. एकदा मास्तर स्कूटरवरून तिकडून येत होता. पाच-सहा बाप्ये तबेल्यातून बाहेर पडत होते, पाय फाकवून, अंडं द्यायला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखे. मास्तरने स्कूटर थांबवली. घरी येऊन मला म्हणाला, "घोड्याने काय नाय केलं त्यांना. पॅन्ट चावलीय."

झालं. दुसऱ्या दिवशी तबेल्यात जाऊन बाईंना म्हणाला, मी शिवतो. सहा पॅन्टी शिवल्या. आणि तिथेच त्याने घाण केली. जीन्सवाल्यांची एक सवय असते. मांडीच्या आतल्या बाजूला ते दुहेरी शिवण मारतात, दोरीसारखी जाड, कारण जीन्स पहिली तिथेच फाटते. मास्तरने जन्मभर जे केलं ते आणखी जोरात केलं. घोड्यावर बसायचं म्हणजे मजबूत पाहिजे, म्हणून तिहेरी मारली. सहा माणसं दोन तास त्या दोरीवर बसली. एकजण घरी जाताना गाडीच्या मागच्या सीटवर पालथा झोपून गेला.

बाई त्याला म्हणाल्या, "मास्तर, पॅन्टीला काही झालं नाही. माणसं फाटली."

दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. मास्तर चौथ्या दिवशी परत सुरूच झाला. जिन्यात भेटला तरी तेच. "नाम्या, शिवण आत नकोच. आतली बाजू एका तुकड्यात कापायची, शिवण बाहेरून न्यायची. जांघेत पतंगासारखा चौकोनी तुकडा टाकायचा, म्हणजे पाय उघडला तरी ओढत नाय. मागे खिसा नाय. पाकिटावर बसलेला माणूस तासाभरात वाकडा होतो." मला चड्डीबद्दल पण सांगायचा. ढगळ चड्डीची गोळी होते, ती मांडी सोलते, म्हणून अंगाबरोबरची, सुती, लांब पायांची घालायची. मोजे गुडघ्यापर्यंत, म्हणजे पोटरीला खोगिराचा पट्टा घासत नाही. बुटाला थोडी टाच पाहिजे, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलास तर घोडा तुला फरफटत नेतो. शर्ट पूर्ण बाह्यांचा. हे सगळं भाजीवालीसमोर. तिने एकदा विचारलं, "मास्तर, घोडा घेतला का काय?"

मी त्याला म्हटलं, "तू कधी घोड्यावर बसलायस?"

"डॉक्टरने मना केलंय. कमरेचं ऑपरेशन झालंय ना."

"मग तुला काय कळतं?"

"सुईणीला काय दरवेळी पोर व्हायला लागतं का?"

यात हसण्यासारखं होतं, पण त्याच्या डोक्यावर टांगती तलवार होती. कारखान्यात कटिंग आता मशीनवर जाणार होतं. शेठ माणूस बरा, सिंधी, मास्तरबरोबरच म्हातारा झालेला. तो म्हणाला, "मास्तर, तेरा अलग काम होगा तो कोपऱ्यातलं टेबल तुझं. नहीं तो दिवाळीनंतर घर पे आराम कर." आणि तबेल्याच्या बाई म्हणाल्या, थंडीत मी नव्या माणसांना दिवसभराच्या फेरीला नेणार आहे. एक पॅन्ट तीन तास बसून पास करून दाखवा, सगळ्यांची ऑर्डर तुम्हाला. नाहीतर मी तयार मागवते.

आता बसणार कोण? तबेल्यातल्या लोकांच्या मांड्या चामड्याच्या, त्यांना बाभळीवर बसवलं तरी कळणार नाही. जुने सहाजण मास्तरचा फोन उचलत नव्हते. नवा माणूस पाहिजे होता, कातडीने कोरा.

मास्तर माझ्या दारात आला. मी खुर्चीत होतो. तेव्हा मी खुर्चीतच असायचो. मुलगी नालासोपाऱ्याला, ती फोनवर सांगायची, बाबा जरा फिरून या. कुठे फिरू? चाळीस वर्षं जिथे गेलो तिथे सुलभाने पाठवलं म्हणून गेलो.

मास्तर म्हणाला, "नाहीतरी बसूनच असतोस. तिथे बस."

"पडून मेलो तर?"

"पॅन्टीमुळे नाय मरणार. एवढी गॅरंटी."

मी हो का म्हटलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक त्याचं टेबल जाऊ नये म्हणून. टेबलाशिवायचा मास्तर कसा दिसेल ते मला रोज आरशात दिसत होतं.

घोडीचं नाव शांता. म्हातारी, माझ्यासारखी. बाई पुढे त्यांच्या घोड्यावर, शांताचा दोर धरून एक माणूस चालत. स्टुलावर चढून मी बसलो तेव्हा मास्तरने माझे मोजे वर ओढले, टोपी काढून हेल्मेट बांधलं, खिशात काय आहे ते बघून चावी काढून घेतली. शाळेच्या पहिल्या दिवशी करतात तसं.

पहिला अर्धा तास मी शिवणीचाच विचार केला. मग विसरलो. वरून गावं वेगळी दिसतात. भिंतीच्या आतलं दिसतं. कोणाची भांडी, कोणाचे वाळत घातलेले पापड, एक म्हातारी उन्हात केस सुकवत बसलेली. सुलभाला सांगायला पाहिजे असं मनात आलं. मग आठवलं. आठवलं तरी शांता चालतच होती, त्यामुळे मलाही पुढे जायला लागलं.

तीन तासांनी परत आलो तर मास्तर कुंपणाशी उभाच. उभं झाडपण असतं म्हणणारा हा माणूस तीन तास उन्हात बसला नव्हता. हातात पाण्याची बाटली, टॉवेल, मलमाची ट्यूब. मला उतरवून घेतलं आणि पॅन्टीचं विचारायच्या आधी म्हणाला, "चक्कर आली का रे?"

मग मला शेडमागे नेऊन, चष्मा लावून, दोन्ही मांड्या तपासल्या. सुलभाच्या बापाने मुलगी देताना माझी एवढी तपासणी केली नव्हती. डाग नाही, लाली नाही. कंबर मात्र मोडल्यासारखी झाली होती, तसं मी म्हटलं. "ते घोडीचं खातं," मास्तर म्हणाला. "तिला सांग."

बाईंनी पॅन्ट उलटी करून आतून हात फिरवला. म्हणाल्या, "अकरा शिवा. माणसं पाठवते मापाला."

"बसून घेणार माप," मास्तर म्हणाला.

"उभी कशाला पाठवू," बाई म्हणाल्या.

येताना स्कूटरवर मी मागे. मला वाटलं, हा आता शेठला फोन लावेल, मिठाई घेईल. तो मात्र पुलापाशी हळू करून म्हणाला, "नाम्या, एकाच पॅन्टीवर भरवसा नाय ठेवता येत. कंबर बदलली की शिवणीची जागा बदलते. अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत प्रत्येक साइज बसून बघायला लागेल. कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी जात जाऊ. दर आठवड्याला एक." मग म्हणाला, "सुट्टीचा दिवस लय लांब असतो. मी आपला कॅम्पात जाऊन कारखान्याच्या बंद शटरसमोर बसून येतो."

माझी कंबर चौतीस. अठ्ठावीसची पॅन्ट माझ्या गुडघ्याच्या वर सरकायची नाही आणि चव्वेचाळीसच्या पॅन्टीत मी आणि मास्तर दोघं मावू. सगळी हयात कंबरा मोजलेल्या माणसाला हे कळत नाही, असं थोडंच आहे?

मी म्हटलं, "पुढच्या वेळी किती वाजता निघायचं?"

"सातला. अठ्ठावीसपासून सुरू करू," मास्तर म्हणाला, आणि गिअर टाकला.