आधी घरातलं बघू

राहुरीत बंदुकीच्या परवान्यासाठी वाघचौरे डॉक्टरांचा दाखला हवा असेल, तर बायकोला सोबत न्यावं लागतं. डोळे, कान, बीपी तपासून झालं की ते नवऱ्याला बाहेर बसवतात आणि वहिनींना विचारतात, "राग आला की ताट आपटतो का?"

माझं मेडिकलचं दुकान दवाखान्याला लागून आहे, त्यामुळे फुकटात सगळं ऐकू येतं. एक बागायतदारीण म्हणाली, "ताट न्हाई, पर मोबाईल आपटत्यात." झालं, दाखला अडला. नवऱ्याने दवाखाना डोक्यावर घेतला, "आवो, उसात बिबट्या हाय!" डॉक्टर थंडपणे म्हणाले, "बिबट्याचं नंतर. आधी घरातलं बघू." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उन्हाळ्यात देवळाली प्रवराहून दगडूनाना आले. डॉक्टरांचे शाळासोबती. परवान्याचं नूतनीकरण होतं, बंदूक ठाण्यात जमा होती. नाना एकटेच आले होते, कारण वहिनी नुकत्याच गेल्या होत्या.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न गिळला. "जेवतोस का रे?"

"कुनासाठी रांधायचं?"

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "बंदूक राहू दे ठाण्यात. रोज संध्याकाळी बीपी दाखवायला ये."

नानांनी शिव्या घातल्या, पण आले. बीपी एका मिनिटात व्हायचं, मग दोघं एका डब्यात जेवायचे. एकट्या माणसाच्या घरात बंदूक नको, एवढीच डॉक्टरांची भीती होती. हळूहळू नाना भाजीत मीठ कमी म्हणून भांडू लागले आणि मला हायसं वाटलं.

"आता ठणठणीत आहेत नाना. करा की सही," मी एकदा म्हणालो.

डॉक्टर स्टेथोस्कोपची नळी गुंडाळत बसले. त्यांची बायको जाऊन कैक वर्षं झालीत, मुलगा परदेशात. "करायलाच पाहिजे," ते हळूच म्हणाले. "पण सही केली की हा यायचा बंद होईल रे."

दारात हात धुणाऱ्या नानांनी ते ऐकलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर उगाचच रस्त्याकडे बघत होते. नाना आले, हातात डबा.

"बंदूक आणलीस?"

"आनू की सवडीनं," नाना बाकावर टेकत म्हणाले. "मेथी केलीय, मीठ बघ. आन् आधी बीपी घे माझं."