अन्वर पेंटरांचं अक्षर

कागलच्या अन्वर मुजावर पेंटरांचं अक्षर मे महिन्यात त्यांना सोडून कोल्हापूरला गेलं, तेव्हा त्याचे चार लाख फॉलोअर होते. पेंटरांचा एकही नव्हता. व्हिडिओत फक्त ब्रश आणि अक्षर दिसायचं.

राजीनामा त्यानं दुकानाच्या काचेवर स्वतःच लिहिला होता. देखणा होता. पेंटरांनी तो दोनदा वाचला, मग ब्रश बुडवून पत्र्यावर 'क' काढायला गेले. नुसता ओघळ आला.

पोटापुरतं जाळ्या-दरवाजे रंगवून भागलं असतं. पण जूनमध्ये शाळा उघडणार होती. पहिलीच्या भिंतीवरची मुळाक्षरं बावीस वर्षं पेंटरच काढत आले होते. निम्मं गाव त्या भिंतीकडे बघून लिहायला शिकलं होतं.

पेंटर एसटीनं कोल्हापूरला गेले. अक्षराचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. त्यानं उठून खुर्ची दिली.

"एक दिवस ये," पेंटर म्हणाले. "ज्ञ पर्यंत झालं की जा."

"मालक, दिवाळीपर्यंत तारीख नाही. आणि ती भिंत बघतंय कोण? तीस पोरं."

"वर्षभर बघतात."

अक्षरानं हातातला फोन उलटा ठेवला. "तसं मला आता कुणी बघत नाही," ते म्हणालं. "तीन सेकंद, की पुढं." मग त्याला शूटिंगचं बोलावणं आलं.

मुख्याध्यापिका चौगुले बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम काढला. लिहिता येत नाही त्याला पहिलीत प्रवेश द्यावाच लागतो.

"वय?"

"चोपन्न."

"कमीत कमी सहा पाहिजे. बसतंय. आधार कार्ड आणलंय?"

पेंटरांना सतरा नंबर मिळाला आणि एक पाटी. भिंत सुरुवातीला कोरीच ठेवली. वर्गात जे शिकवलं जाई ते पेंटर पन्नासदा गिरवत, आणि शाळा सुटली की दोरीनं रेघ मारून भिंतीवर काढत. नवं अक्षर जाडं होतं, जरा डावीकडं कललेलं. दिवाळीला ते 'ण'पर्यंत पोचले. पोरंही तिथंच होती.

जानेवारीत एकदा शेजारी बसणारी तनिष्का शाळा सुटल्यावर मागं थांबली.

"सतरा नंबर, तुमच्या 'ळ'चं एक पोट बारकं झालंय."

"चालतंय की."

"नाही चालत. माळी आडनाव आहे माझं."

पेंटरांनी रॉकेलच्या बोळ्यानं 'ळ' पुसला आणि तिच्या पाटीवर बघून परत काढला.