२,८४६ वेळा पाहिलेला नवरदेव

लॉग फाईल वाचावी तर साकोलीत प्रफुल्लनं, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो, पण खोटं नाही म्हणत!

आमच्या समाज मंडळाची वधू-वर वेबसाईट मी चालवतो, तेही फुकटात. माझंही नाव तिच्यात आहे. वय बत्तीस, म्हणजे वेबसाईटवर तीस. वर्ष झालं, एक फोन नाही! आई, म्हणजे ताराबाई, रोज विचारायची, "काहून गा, तुले कोणीच काहून विचारून नाही राहिलं?"

म्हटलं, हिला पुरावाच देऊ. वेबसाईटवर कोणी कोणाचं पान उघडलं की सर्व्हर एका फाईलीत ओळ टाकतो: कोणत्या कॉम्प्युटरच्या, फोनच्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणाचं पान. तीच लॉग फाईल. मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येकाच्या ओळी मोज, अन् मोठा आकडा वर ठेव. एंटर मारलं. पहिला नंबर माझा! २,८४६! दुसरा तहसील ऑफिसातला अनुप, उंचापुरा, परमनंट नोकरीवाला. त्याचे फक्त ९३!

"आई, सारा जिल्हा मलाच पाहून राहिला! माझा भाव वाढेल म्हणून फोन करत नाहीत!" मी यादीची रंगीत प्रिंट काढली, वरून लॅमिनेशन केलं.

त्याच आठवड्यात पहिला फोन आला, आंधळगावच्या धनराजकाकांचा. त्यांची प्रतिक्षा तुमसरला बँकेत आहे. रविवारी आई अन् मी गेलो. जय भीम झालं, बसलो, अन् प्रतिक्षा समोर आली. काय सांगू! मला ती पाहताक्षणीच आवडली. आता मागं हटायचं नाही म्हणून मी यादी काकांपुढं ठेवली.

काकांनी चष्मा लावला. "अठ्ठावीसशे लोकायनं पाह्यलं?"

"वरून शेहेचाळीस!" मी कॉलर नीट केली.

"अन् फोन किती आले?"

"एक... तुमचाच."

काकांनी चष्मा काढला. "अठ्ठावीसशे लोकायनं पाहून सोडलेला पोट्टा! दारू पिते काय? का पहिली बायको हाय कुठं?" आतून चहा घेऊन येणाऱ्या काकू दारातूनच परत फिरल्या!

"माहा प्रफुल्ल सुपारी नाही खात जी!" आई रडकुंडीला आली.

"साऱ्यायच्या मायी असंच म्हणतात," काका म्हणाले. मी उठून चप्पल शोधायच्या बेतात होतो.

तेवढ्यात प्रतिक्षा बोलली. "तुम्ही ओळी मोजल्या, का माणसं? एकानंच शंभरदा पाहिलं तर ओळी शंभरच होतील ना? पत्त्याप्रमाणं मोजा."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला अन् स्क्रिप्ट बदलली. माणसं जितकी कमी, तितका मी निर्दोष! आपला आकडा कमी यावा म्हणून जन्मात पहिल्यांदा हात जोडले.

पत्ते निघाले दोन. एकाच्या ओळी पाच.

"त्या माझ्या," प्रतिक्षा हळूच म्हणाली. मला गुदगुल्या झाल्या.

"अन् हा दुसरा कोण? २,८४१?" तिनं विचारलं.

तो पत्ता मला तोंडपाठ होता. माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर! "आई पाहत असेल," मी ठोकून दिलं.

आईनं कमरेचा बटणांचा फोन काढून दाखवला. "याच्यात फोटू दिसते काय गा?"

प्रतिक्षानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला. "दिवसाला नऊ वेळा. रविवार सोडून. एक ते दोनच्या मधात एकदाही नाही."

"तेव्हा मी जेवतो," मी खाली मान घालून म्हटलं. "पान बरोबर उघडते का, ते तपासत होतो."

"बाकीच्यांची पानं?"

"ती... बरोबरच उघडत असतील."

काका मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे कोणीच नाही पाह्यलं याले! मंग खोट कायची? आणा वं चहा!" प्रतिक्षा तर डोळे पुसू-पुसू हसत होती. त्या हसण्यातच ती हो म्हणाली. अट एकच: वेबसाईटवरून माझं पान आत्ताच्या आत्ता काढायचं. मी तिथंच काढलं.

तिसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा, गुलाबकाकांचा, घाबराघुबरा फोन आला. "प्रफुल्ल, वेबसाईट बंद पडली काय गा? कोणी येऊनच नाही राहिलं!"